उ म्हणजे काय

उदगीरला, बियाण्याच्या दुकानावरच्या खोलीत
मी एका पतसंस्थेसाठी कुलूप लिहिलं.
लोखंडाचं नाही, फायलींचं.
त्याला तीनच शब्द कळायचे:
झाक, उघड, उडव.
आणि देवणी शाखेचे मैनोद्दीनभाई एका बोटानं टाइप करतात
म्हणून मीच सोय ठेवली,
पहिलं अक्षर पुरे.

झ म्हणजे झाक, ठीक.
उ म्हणजे?
हा प्रश्न मला पडलाच नाही, इतकी मी हुशार होते.
यादीत जो शब्द आधी सापडेल तो घ्यावा
असं लिहून मी खाली चहाला गेले.
यादीत उडव वर होता.
का, ते आठवत नाही.

मार्चअखेर. दुपारचे तीन. लाइट येऊन-जाऊन.
भाईंनी टाइप केलं उ,
मग फायलीचं नाव, वारस.
रस्त्यावरचा अनोळखी माणूसही थांबून म्हणतो,
"काय म्हनलात?"
कुलपानं तेवढंही विचारलं नाही.
चारशे बारा खातेदारांचे वारस
एका उकारात गेले.

फोनवर भाई ओरडले नाहीत.
"ताई, मी उघडायलो होतो."
आणि थोड्या वेळानं,
"माझंच चुकलं असंल."
हे दुसरं वाक्य
मला अजून झोपू देत नाही.

मग तीन दिवस देवणीत, टेबलफॅनखाली,
जुने अर्ज काढून भाई वाचायचे, मी भरायची.
कागद तरी कुठं सरळ होते?
एका अर्जावर वारसाच्या रकान्यात नुसतं
"बाई".
मी म्हटलं, बायको लिहू.
ते म्हणाले, आई पन असंल.
मी म्हटलं, मग आई.
ते माझ्याकडं बघत राहिले,
रकाना तसाच रिकामा ठेवला
आणि पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह काढून म्हणाले,
"बाजारला येईल की तो. इचारू."

त्या रात्री लॉजच्या खोलीत
मी कुलूप पुन्हा लिहायला घेतलं.
एका अक्षराला दोन शब्द जुळले
तर थांब.
हात लावू नकोस कशाला.
आधी लिहिलं, "अवैध पर्याय".
भाई म्हणाले, ही तर पोलिसाची नोटीस वाटायली.
आता ते म्हणतं:
"उ म्हणजे उघड का उडव? पूर्ण लिहा.
तोवर मी काहीच करत नाही."

तरी एक राहिलंच होतं.
भाई थकीत खात्यांच्या नावाआधी वहीत रेघ मारतात,
फायलीलाही तेच नाव दिलं, आधी रेघ, मग थकीत.
कुलपाला रेघ दिसली की वाटतं, हुकूम आला.
म्हणून दोन रेघांची एक खूण केली:
हिच्यापुढे हुकूम संपले.
हिच्यापुढे नुसती नावं,
ती जशी असतील तशी.

बाजारच्या दिवशी तो माणूस आला.
पिशवीत मेथी, कानात पेन.
भाईंनी अर्ज पुढं केला, बोट ठेवलं.
"बाई म्हंजी कोन?"
तो हसला, असं कुणी विचारतं का म्हणून.
"थोरली बहीण. तिला आमी बाईच म्हंतो.
तिनंच वाढवलं की मला."

भाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं.
खोडरबराचा चुरा फुंकला.
मी काही बोलले नाही.