वेइक्कोला, सोमवारच्या आधी

तू विचारलंस म्हणून सांगतो, वेइक्को,
नाहीतर हा विषय मी तोंडातून काढला नसता.

आधी एक मेल येते. तिच्यात सामानाची यादी:
जाड कागद, मेणाचे खडू, पाण्याचं भांडं,
एक जुना टॉवेल,
आणि दार लावून घेता येईल अशी खोली.
अशी खोली म्हटल्यावर मला सौनाच आठवली.
तिथे नेट पोचत नाही, मी करून पाहिलंय.
शेवटी गॅरेजात बसलो, हीटर लावून,
गोठलेल्या आखातात भोक पाडायच्या ड्रिलशेजारी.
दुपारचे तीन, बाहेर मिट्ट काळोख.

कागद मात्र लगेच ओळखला.
दुकानातल्या पोरीने पुढे केला, दोनशेचा म्हणाली.
मी अंगठ्या-तर्जनीत धरला
आणि म्हटलं, बाळ, हा एकशेऐंशीचा आहे.
तिने पाकीट उलटं करून वाचलं. एकशेऐंशी.
एकतीस वर्षं आपण कागद केला, वेइक्को,
जहाजंच्या जहाजं भरून केला,
आणि त्यावर एक रेघ कधी ओढली नाही.

तिचं नाव तुउली. बसते ओउलूला.
सुरुवातीला पडद्यावर नुसतं तिचं कपाळ दिसतं,
मग ती कॅमेरा खाली वळवते.
तूही वळव. तोंड दाखवलंच पाहिजे असं नाही,
हात दिसले तरी तिला पुरतं.
मला चित्र येत नाही, म्हणालो.
"बरं झालं," म्हणाली.

मला वाटलेलं, चित्र बघून ती निदान सांगेल,
डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरतात तसं.
काळा रंग म्हणजे हे, वाकडं झाड म्हणजे ते.
तसलं काही नाही.
विचारते, "या चित्रात थंडी कुठे आहे?"
आणि गप्प.
मी समजलो, नेट गेलं.
तिच्यामागे खुर्चीतलं मांजर हललं, तेव्हा कळलं
की बाई वाट बघतेय.
गप्प बसण्यात आपला हात कोण धरणार, वेइक्को,
पण तिने धरला.

नेट खरंच जातं, तेही सांगून ठेवतो.
एकदा मी नेमका बोलता झालो
आणि ती गोठली, डोळे अर्धे मिटलेले.
त्या गोठलेल्या तोंडालाच मी सगळं सांगून टाकलं,
मार्केत्ता गेली तो आठवडासुद्धा.
परत आली तेव्हा म्हणाली, "मला 'कुत्रा' इथपर्यंत ऐकू आलं.
पुन्हा सांगायचं की नाही, तुमच्यावर."
नाही सांगितलं.
कुत्रा काढला. डुक्कर झालं त्याचं.

तिसऱ्या खेपेला झोपेचं निघालं.
पाच नंबरचं मशीन बंद झालं त्या रात्रीपासून
शांतता कानाला टोचते, डोळ्याला डोळा लागत नाही, हे मी बोललो.
ती म्हणाली, जे ऐकू येत नाही ते काढा.
मी करडा खडू आडवा धरला आणि घासत सुटलो.
कडेपासून कडेपर्यंत, पुन्हा, पुन्हा,
खडू मोडला, गॅरेजात मेणाचा वास,
आणि कागद फाटला.
भोकातून खालची फळी दिसली.

तुला माहीत आहे, कागद तुटला की काय व्हायचं.
भोंगा. लाल दिवा. सगळे धावत.
मी हात वर धरून तसाच बसलो, भोंग्याची वाट बघत.
तुउली हळूच म्हणाली,
"आता कुणी धावत येणार नाहीये."

पुढचं लिहीत नाही.
टॉवेल यादीत का असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

झोप लागते का, विचारशील.
सोमवारी रात्री लागते. बाकीच्या रात्रींचं बघू.

खडू स्वस्तातले घेऊ नकोस, चुरा होतो.
कागद विकत आणू नकोस,
माझ्याकडे अर्धं पाकीट आहे, येऊन ने.
एकशेऐंशीचा.
फाटतो.