आणि इतर

कपाटाच्या खालच्या खणात, तांदळाच्या डब्यामागे
माझ्या कॅसेटी आहेत. मोजून एकेचाळीस.
त्यांतल्या तीन उशाशी ठेवा.
बाकीच्या भंगारात घाला, मी काही म्हणणार नाही.

पहिली खानापूरच्या जत्रेतली.
गायकाचं नाव सांगून उपयोग नाही,
तो पुढं सोसायटीत क्लार्क झाला.
विलंबितात अठराव्या मिनिटाला वीज जाते.
टेप सेलवर होता, म्हणून तो चालूच राहिला.
अंधारात चटया सरकतात,
कुणी बाई पोराला हाक मारते, बाळू, ए बाळू,
गाणारा गप्प,
आणि तबलजी ठेका सोडत नाही.
माइकशिवाय, लांबून,
भिंतीपलीकडं कुणी भाकरी थापावी तसा.
बाळू सापडतो. वीज येते. लोक टाळ्या वाजवतात
विजेला.
मी शिकलो ते त्या चार मिनिटांतून.
तो कोण होता, अजून कळलेलं नाही.

दुसरी खडेबाजारात इरण्णाच्या दुकानातून घेतलेली,
हिरव्या कव्हराची, सगळी अक्षरं कन्नड.
गोल गोल, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी,
मला आत घ्यायला तयार नव्हती.
इरण्णा पानाचं बोट कव्हरावर ठेवून म्हणायचा,
हे बघ, हे त, हे ब, हे ला.
मी वाचलेला पहिला कन्नड शब्द तबला.
त्या वर्षी बाहेर पाट्यांवर डांबर फासायचे,
कधी ह्या भाषेवर, कधी त्या.
आम्ही काउंटरमागं एक एक अक्षर सोडवत होतो
जसा गुंतलेला दोरा.
ती टेप एकदा तुटली.
शेवंतानं तिच्या नेलपॉलिशनं चिकटवली,
नवीन लग्न होतं, बाटली लाल.
तेव्हापासून दुसऱ्या बाजूला, द्रुत सुरू होताना
एक श्वासभर काही नाही.
मग पुढचं.

तिसरीत मी आहे.
हुबळीचा स्टुडिओ, भिंतींना गोणपाट, पंखा बंद ठेवायचा.
दोन दिवस, आठ पदं, तीनशे रुपये,
एसटीचं भाडं वेगळं, ते मागून घ्यावं लागलं.
डग्ग्याची शाई उन्हानं तडकत होती,
मी प्रत्येक पदाआधी ओला हात फिरवायचो,
ऐकलं तर तो ओलेपणा अजून ऐकू येतो.
मला तरी येतो.
चार महिन्यांनी इरण्णाची हाक आली रस्त्यापलीकडून,
यल्लाप्पा, तुझं आलंय बघ!
मी म्हटलं, थांब, मीच वाचतो.
गायिका. संगीत. हार्मोनियम.
मग बोट खाली सरकवत, सावकाश,
मत्तु. इतररु.
इरण्णानं ते आधीच वाचलं होतं.
तो उगाच गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागला,
मग म्हणाला, चहा घेतोस?
घेतला. दोन घेतले.
घरी शेवंतानं विचारलं, काय लिहिलंय?
मी म्हटलं, सगळ्यांची नावं आहेत.

आता मुलगी पुण्याहून फोनवर गाणी पाठवते,
स्वच्छ, एक खरखर नाही, कुणी खोकत नाही.
ऐकतो, अंगठा पाठवतो.
रेशन, बीपीची गोळी, टिळकवाडीच्या गेटात
मालगाडी मोजत उभं राहणं,
त्रेपन्न डबे होते काल,
त्रेपन्नावा जरा उशिरा आला असं वाटलं.

सायंकाळी पाचला सांबऱ्याचा पोरगा येतो, दानेश,
सायकलीला बायाँ बांधून.
आज तो एकटाच वाजवत होता, मी भाजी निवडत होतो.
द्रुत लागलं,
आणि त्याचा हात थांबला.
श्वासभर.
मग पुढचं.
ठेका चुकला नव्हता. नुसतं मध्ये एक भोक.
मी म्हटलं, हे कुणी शिकवलं रे तुला?
तो माझ्याकडं बघतच राहिला,
तुम्ही असंच वाजवतासा की, सर.

ती कॅसेट त्यानं कधी ऐकलेली नाही.
त्याचा जन्म व्हायच्या आधी ती बाटली वाळून गेली.

दुरुस्त करायला हवं होतं मी.
तेवढ्यात नळाला पाणी आलं, सहा दिवसांनी,
शेवंता घागरी मांडायला लागली,
मी उठून तिला हात लावायला गेलो,
आणि म्हटलं, थांबू नकोस,
परत वाजव. तिथूनच.