वहीतले किलोमीटर

मीटर थांबला चार लाख बारा हजार सहाशे सातवर.
उयुनीहून निघून चौथ्या तासाला,
मिठाच्या त्या पांढऱ्या सपाटीवर,
जिथं किती आलो नि किती उरलं
हे तसंही कुणाला कळत नाही.

त्या दिवशी बाबांनी वही धरली.
माझीच, चौकटीची, गणिताची अर्धी उरलेली.
डावीकडे माझे चुकलेले भागाकार,
उजवीकडे त्यांचं तिरकं अक्षर:
नऊ मार्च. ऑइल, फिल्टर, मागच्या उजव्या चाकाचं बेअरिंग.
सोळा मार्च. धुतली.
सतरा मार्च. पुन्हा धुतली. समाधान नाही.

गाडी इकीकेच्या बंदरात उतरली तेव्हाच
अर्धं आयुष्य जपानात घालवून आली होती.
स्टीअरिंग उजवीकडे होतं,
दोन एउसेबिओंनी ते कापून डावीकडे आणलं.
जुन्या जागेचं भोक डॅशबोर्डवर अजून आहे,
बाबा त्यात कोकाची पानं ठेवतात.

मीठ गाडीला वरून खात नाही.
चाकाबरोबर उडतं,
चॅसीच्या सांध्यात जाऊन बसतं
आणि तिथं निवांत जेवतं.
म्हणून दर फेरीनंतर
बाबा पाठीवर झोपून गाडीखाली सरकायचे,
गोड्या पाण्याची नळी छातीवर धरून.
आई बाहेर उभी, त्यांच्या बुटांशी बोलायची:
"कासिमिरो, गुडघ्यांना कधी ग्रीस लावलंस का रे?"
बूट उत्तर देत नसत.

जुलैत नळी गोठायची.
उकळत्या किटलीचं पहिलं पाणी नळावर,
उरलं तर आमच्या कपांत.

गावाबाहेर जुनी रेल्वे इंजिनं गंजत उभी आहेत.
पर्यटक त्यांच्यावर चढून हसतात, फोटो काढतात.
बाबा तिथून जाताना टोपी काढायचे,
आणि घरी येऊन
काही कारण नसताना ब्रेक ऑइल बघायचे.

एकदा मागच्या सीटवरून एका जर्मन माणसानं विचारलं,
"अजून किती वर्षं चालेल ही?"
बाबा काही बोलले नाहीत. त्याला वाटलं, रागावले.
त्यांना ऐकूच आलं नव्हतं.
कान याच इंजिनानं नेले,
ज्याची एक जरी ठोक चुकली
तरी ते पूर्वी जेवता जेवता उठायचे.

आता गाडी मी चालवते.
ते शेजारी बसतात, तळवा डॅशबोर्डवर.
"तिसरा इंजेक्टर," म्हणतात.
मी म्हणते, काही नाही, रस्ताच खराब आहे.
घरी येऊन उघडते.
तिसराच असतो.

ही चौथी वही.
इंजिन एकदा उतरवलं, गिअरबॉक्स दोनदा बदलला,
डावं दार मेलेल्या मामाच्या गाडीचं आहे,
त्याचा निळा रंग आम्ही तसाच ठेवलाय.

मागच्या मंगळवारी
टायमिंग बेल्ट आणि धुणं यांच्या मधल्या ओळीत
मी लिहिलं:
बाबा. रक्तदाब. गोळी रोज एक.
पुढची तपासणी तीन आठवड्यांनी.

त्यांनी ती ओळ खोडली.
म्हणाले, वही गाडीची आहे.
आईनं चष्मा पुसला, पेन मागितला,
आणि तीच ओळ खाली पुन्हा लिहिली,
दाबून,
पुढच्या तीन कोऱ्या पानांवर उमटेल इतकी.