द्विवचन

*बोहिन्य, स्लोव्हेनिया*

मतदान शाळेत, तिसरीच्या वर्गात.
बुटक्या खुर्च्या. फळा पुसायचा राहिलाय:
ग्रेम, ग्रेवा, ग्रेमो.
मी जाते. आपण दोघं जातो. आपण सगळे जातो.

दोघांसाठी आमच्यात क्रियापदच वेगळं.
परके लोक शिकताना हसतात, सोडून देतात.
मला एकेचाळीस वर्षं
दुसरं रूप लागलंच नाही.

ओझबाल्टला आता चमचा धरवत नाही.
मार्चमध्ये त्याने मधमाश्यांच्या पेट्या शेजाऱ्याला दिल्या
आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं,
कायदा झालाच, तर तो घोट कडू असतो का?
फार, त्या म्हणाल्या.
मग वर मध लागेल, हा म्हणाला.
आम्ही तिघंही हसलो.
त्याला ठसका लागला तो अकरा मिनिटं.
मी घड्याळाकडे बघत होते.

त्याचा भाऊ पाद्री. माणूस चांगला.
रात्रभर उशाशी बसतो, पाठ चोळतो,
आणि रविवारी वेदीवरून सांगतो: विरोधात.
लेकीची भीती निराळी,
उद्या म्हाताऱ्यांना कुणी सहज विचारलं,
"मग, तुमचं काय ठरलं?"
तिचं ऐकून मी
दोन रात्री जागी होते.

पेन दोरीने बांधलेलं.
कुठल्या शब्दाभोवती गोल करायचा
ते काल त्याला वचन दिलंय.
पडद्याआड मात्र मी एकटी,
एकवचनी.

घरी बूट काढताना
तो खाटेवरून विचारेल, झालं?
मी म्हणेन, चल, जेवू या.
अजून त्याच रूपात.