किती पुरेल

मर्डो पंचावन्नचा. तेहतीस वर्षं
फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी काढली.
डावा कान गेला, आणि आवाज असा चढला
की घरातही उतरत नाही.
"अठ्ठावन्नला सुटायचं!" तो ओरडतो,
जणू मी पलीकडच्या धक्क्यावर उभी आहे.

शनिवारची रात्र. लुइस बेटावर वारा नेहमीचाच.
संपलेल्या जानेवारीचं पान त्याने उलटं केलं
आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.
हिशेब माझ्याकडे असतो. मी विणकरीण.

सरकारी पेन्शन सदुसष्टला.
अठ्ठावन्न ते सदुसष्ट, नऊ वर्षं,
नुसतं पाणी, मध्ये एकही बेट नाही.
माझ्या मागाची कमाई वजा करून
वर्षाला बारा हजार पौंड लागतील:
हीटिंगचं तेल, गाडीचा विमा,
दर हिवाळ्यात छपराच्या दोनचार पाट्या,
कुत्र्याच्या सांध्यांचं औषध.
"कुत्रा तोवर राहणार नाही," मर्डो म्हणाला.
मी कुत्रा खोडला नाही.
बारा नव्वे एकशे आठ.

पुढे पेन्शन सुरू झाली
तरी वर्षाला चार हजारांची तूट.
चार गुणिले...
इथे पेन्सिल थांबली.
चार गुणिले किती?

त्याचे वडील एकसष्टाव्या वर्षी गेले,
बटाटे काढता काढता, फावडं तसंच मातीत उभं.
आई एफी चौऱ्याण्णव. शेजारच्या खोलीत
रेडिओवरच्या गेलिक स्तोत्रातल्या चुका काढते आहे.
मर्डोचं नाक वडिलांचं,
चहा ओतायची पद्धत आईची.
आतलं काय कुणाचं, ते कुठल्याच पासबुकात नाही.

चौऱ्याण्णव धरले. सत्तावीस वर्षं.
सत्तावीस चोक एकशे आठ.
पुन्हा तोच आकडा, जुळ्या भावासारखा.
दोन लाख सोळा हजार हवेत,
फंडात आहेत एक लाख एकाहत्तर.
पंचेचाळीस हजार कमी.

मर्डोने पेन्सिल घेतली,
आणि कोपऱ्यात, लहान अक्षरात, एकसष्ट धरून पाहिले.
तीन वर्षं. छत्तीस हजार.
"बघ," तो म्हणाला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच
इतक्या हळू म्हणाला, "उरतात सुद्धा."

मी रबर शोधायला उठले.
ड्रॉवरमध्ये दोरे, मेणबत्त्या, बोटीच्या जुन्या वेळा.
खोडताना कागद फाटला थोडा.

मग त्याला सांगितलं, पन्नास मीटर कापड हवं
तर मी धागे पन्नासचे लावत नाही.
शेवटचा हातभर मागावरच अडकतो,
धुतल्यावर कापड आटतं,
आणि पैसा तर न धुताच आटतो.
महागाई आपण अजून धरलेलीच नाही, मर्डो.
तो म्हणाला, "मग आणखी चार वर्षं?"
मी म्हटलं, दोन. आणि मी वर्षाला सहा थान जास्त विणीन.
तो म्हणाला, तुझे खांदे.
मी म्हटलं, तुझा उजवा कान.
याचा दर कुणी कुठे छापलेला नव्हता.

"काय मोजताय रे एवढ्या रात्री?" आतून एफी.
"वर्षं!" मर्डो ओरडला.
"कुणाची?"

बाराचे ठोके पडले. रविवार लागला.
आमच्याकडे रविवारी आकडेमोड करत नाहीत,
माग चालत नाही, दोरीवर कपडेही वाळत नाहीत.
मी कागद चहाच्या डब्याखाली सारला.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये सगळे डोळे मिटून उभे असताना
मर्डोची बोटं त्याच्या पँटच्या शिवणीवर
एकेक करून दुमडत होती.
सातव्या बोटाशी तो अडला.
मी कोपर मारलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.