चार वायरी

रंगावर विश्वास ठेवू नको, भरमाण्णा म्हणाला होता,
तांबडी काय सगळ्या कंपन्यांत तांबडीच असती?
उद्यमबागेच्या भंगारातनं दीडशेला आणलेली मोटर,
लेबल घासून गेलेलं,
बाहेर चार वायरी, तांबडी निळी हिरवी काळी.
कुठली कुणाची, ते कुठंच लिहिलेलं नाही.

रात्रीचे साडेअकरा. मीटरचा सेल संपलाय.
पलीकडच्या खोलीत आईचा माग चालू.
वडगावात या वेळेला झोप पण खटखटच येते.

मग भरमाण्णाची युक्ती.
दांडा दोन बोटांत धरून फिरवायचा,
बारीक खाचा लागतात, पण फिरतो.
आता दोन वायरींची टोकं एकमेकींना टेकवायची.
तांबडी, निळी. काही नाही.
तांबडी, हिरवी.
दांडा जड झाला.
कुठं प्लग नाही, बटण नाही,
माझ्याच फिरवण्याची वीज आत गेली
आणि माझ्याच बोटांना अडवून बसली.
हिडदैती नोड, भरमाण्णा म्हणाला असता,
खूश झाला की तो कानडीतच होतो.
ही एक जोडी. उरलेल्या दोघी आपोआप दुसरी.

गेल्या शनिवारी जोड्या मोडून लावल्या होत्या:
मोटर नुसती थरथरली, कण्हली,
जागची हलली नाही.
त्याच्या आधी चालू ड्रायव्हरमधनं वायर ओढली.
एक बारीकसा वास, नऊशे रुपये.

आज टाचणीनं ड्रायव्हरची बटणं सरकवली:
करंट एवढाच. दोनशे पावलांचा एक फेरा,
एकेका पावलाचे सोळा तुकडे.
चालू केलं. गप्प. दांडा पकडीनं हलंना.
आई आली, हात लावला, काढला.
"फिरत नाही तर तापती कशानं गं?"
"धरून उभी आहे."
आई काही बोलली नाही. पदरानं बोटं पुसली,
मागावर जाऊन बसली.

पहिलं काम बसलिंगप्पाच्या गिरणीची पाटी,
वर कन्नड, खाली मराठी,
अक्षरं केवढी ते त्यानं दोनदा विचारलेलं.
आधी प्लायच्या तुकड्यावर.
भुसा उडाला, टोक सरसर गेलं,
फुंकर मारून बघते तर
दोन्ही ओळी उलट्या, आरशातल्या.
कुठलीच वाचता येईना. भांडायला पण कारण नाही.

बंद केलं. पंख्याचा आवाज थांबेपर्यंत थांबले.
एकाच जोडीतल्या दोघींची अदलाबदल केली,
दुसरीला हात नाही लावला.
मग सरळ आली पाटी. पैसे उद्या देतो म्हणालाय.

उलटा तुकडा आईनं कपाटाच्या आरशासमोर धरला,
खालची ओळ वाचली, वरची नुसती बघितली,
आणि मागाच्या डुगडुगत्या पायाखाली
पाचर म्हणून ठोकला.
बरोबर बसला.