बिलची आंघोळ

मायली, नळी धर. तोंडावर नको रे,
आधी खुरांवर, मग गुडघ्यांवर, मग हळूहळू वर.
पाण्याची ओळख पायांपासून करून द्यायची असते.
माणसांचंही तसंच, पण ते राहू दे.

लिमरिकच्या दुकानात घोड्यांचा शाम्पू मिळतो.
बाटलीवरचा घोडा दात काढून हसतो,
त्याला किंमत ठाऊक आहे: अकरा युरो.
अकरा युरोत आपले दोन दिवसांचे बटाटे, दूध,
आणि बाबांची तंबाखू,
जी ते सोडणार आहेत
दर सोमवारपासून.

म्हणून हा भांड्यांचा हिरवा साबण.
बादलीला दोन थेंब. दोन म्हणजे दोन.
गेल्या वेळी तू अर्धी बाटली ओतलीस,
गल्लीच्या टोकापर्यंत फेस गेला,
डिलेनीबाईंना वाटलं बर्फच पडला,
त्यांनी वाळत घातलेले कपडे धावत आत नेले.

खरारा हरवलाय. फरशीचा ब्रश चालेल,
नवा, हिरवा, फरशी न पाहिलेला.
गोल फिरव, मग केसांच्या ओघाने ओढ.
बघ, फुरफुरतेय. म्हणजे बरं वाटतंय.
शेपूट आपटली तर मागे सरक, शहाणपणा करू नकोस.

काळ्या ठिपक्यांना कष्ट नाहीत,
काळं सगळं पोटात घालतं.
पांढरं मात्र चुगलखोर,
कुठे लोळली, कशात झोपली, घरोघर सांगत सुटतं.
त्यासाठी खायचा सोडा, पाण्यात कालवून,
पिवळ्या डागावर थापायचा, दोन गाणी होईस्तोवर थांबायचं.
शेपटीला या छोट्या बाटल्या:
आई ज्या हॉटेलात खोल्या आवरते, तिथल्या.
सतरा साठल्यात. एकेका बाटलीत
एकेका परक्या माणसाची न झालेली आंघोळ.

आता धू. पुन्हा धू. अजून एकदा.
साबण कातडीत राहिला तर ती रात्रभर खाजवत बसेल
आणि उद्या बॅलिनस्लोच्या बाजारात
लोक म्हणतील, हिला खरूज झालीय.
शेवटच्या पाण्यात चिप्सवरचं उरलेलं व्हिनेगर, एक झाकण.
चकाकते की नाही?
हो, वास येतो. उन्हात उडून जाईल.
ऊन आलं तर.

वीजबिलाच्या पैशांनी आणली म्हणून बिल.
तू पाळण्यात होतास. महिनाभर मेणबत्त्या जाळल्या,
आणि ही खिडकीबाहेर उभी राहून
आपल्याला जेवताना बघायची,
जणू आपणच तिने विकत घेतलेले.

मागचा डावा पाय. इथे सावकाश.
घोट्यावरची ही लोकर बाजूला कर.
दिसलं? तारेत अडकली होती, तीन वर्षं झाली.
दुखत नाही आता. लंगडतही नाही.
पण गिऱ्हाईक वण बघतं आणि दोनशे युरो खाली उतरतं,
म्हणून बाबा म्हणाले, इथे मक्याचं पीठ दाबून बसव.
सगळेच करतात. खोटं नाही ते,
नुसतं पीठ.

मी पीठ चोळलं. वण गेला.
पाय नव्या दुधासारखा.
मी तेलाची वाटी आणायला वळले, खुरांना लावायला,
आणि मागे बघते तर
मायली गुडघ्यांवर बसलेला,
गाल फुगवून
वणावर फुंकर घालतोय,
आई त्याच्या कोपरावर घालते तशी, लांब, बारीक,
मध्ये थांबून श्वास घेत.

पीठ उडालं. त्याच्या पापण्यांवर बसलं.
गुलाबी वण पुन्हा उघडा.

गेली का गं दुखायची, त्याने विचारलं.
मला नाही, बिलला.

गाडीचा भोंगा वाजला. बाबांनी ट्रेलरची फळी खाली सोडली.
पिठाचा डबा माझ्या हातात होता, झाकण उघडं.
मी झाकण लावलं.